शेजारच्या तरुण घरात मोठं आजारपण आलं तर मदत कशी उभी करावी, कशी टिकवावी

ठाणे काय किंवा नवी मुंबई काय, चित्र थोड्याफार फरकाने सारखंच असतं. नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, एक शाळेत जाणारं मूल, डोक्यावर फ्लॅटचं कर्ज, आईवडील साताऱ्याला नाहीतर चिपळूणला. अशा घरात कोणाला कर्करोग निघाला, किडनी निकामी झाली किंवा मुलाच्याच हृदयाला छिद्र निघालं, की एक पगार थांबतो आणि दुसऱ्या पगाराच्या रजा संपायला लागतात. पहिले आठ-दहा दिवस अख्खी इमारत धावते. डबे येतात, फोन येतात, ‘काही लागलं तर अर्ध्या रात्री हाक मारा’ असं जो तो सांगून जातो. महिन्याभराने जिन्यात भेटल्यावर नुसती चौकशी उरते. लोकांची माया आटलेली नसते, पण कोणी काय करायचं आणि कधी करायचं, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

उपचार मात्र सहा महिने, वर्षभर चालतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तर दोन-अडीच वर्षंही जातात. आणि ‘हाक मारा’ म्हटलं तरी हाक मारणं हेसुद्धा एक काम आहे. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बाईने मुलीला शाळेतून कोण आणेल, कालच्यांनाच पुन्हा कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करायची का? मदत चालवण्याचा बोजा त्या घरावर पडू द्यायचा नाही, हे धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

आधी त्यांना विचारा, मग ग्रुप काढा

उत्साहाच्या भरात कुणीतरी त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढतं आणि रिपोर्टचा फोटो टाकून मोकळं होतं. तो फोटो तासाभरात ऑफिसच्या लोकांपर्यंत, गावच्या आत्यापर्यंत जातो. म्हणून पहिलं पाऊल म्हणजे घरातल्या एकाशी समोरासमोर बोलणं. शक्यतो रुग्णाशीच, आणि रुग्ण मूल असेल तर आईवडिलांशी. चार गोष्टी विचारा: आजाराचं नाव लोकांना सांगायचं का, मुलाला किती माहीत आहे, पैशाची मदत घ्यायला तुम्ही तयार आहात का, आणि कोण घरी आलेलं चालेल. पैशाला ‘नको’ म्हणाले तर तूर्त तो विषय बंद. मध्यमवर्गीय घराला वर्गणी घेणं फार जड जातं. आज नको म्हणणारे तिसऱ्या महिन्यात हो म्हणू शकतात, म्हणून तेव्हा एकदा पुन्हा विचारायचं.

मग दोन माणसं ठरवा. एक घरच्या बाजूचं: भाऊ, मेहुणी किंवा जवळची मैत्रीण. डॉक्टर काय म्हणाले हे फक्त त्यांना कळेल. दुसरं इमारतीच्या बाजूचं, ज्यांच्याकडे यादी आणि वेळापत्रक राहील. या दुसऱ्या कामाला सोसायटीचे सेक्रेटरीच हवेत असं नाही. माझ्या मते सगळ्यात चांगलं हे काम जमतं ते भिशी चालवणाऱ्या काकूंना. कोणाचे पैसे आले, कोणाची पाळी, कोणाला आठवण करायची, हे त्यांच्या हाडात असतं, आणि त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नाही.

पहिला निरोप असा काहीसा असावा:

‘नमस्कार. बी विंगमधल्या आपल्या शेजाऱ्यांकडे आजारपण आहे. उपचार पाच-सहा महिने चालतील. घरच्यांना फोन किंवा मेसेज करू नका, माझ्याशी बोला. सध्या तीन कामं आहेत: मंगळवार आणि गुरुवारचा संध्याकाळचा डबा, मुलीला दुपारी साडेबाराला शाळेच्या बसवरून घेणं, आणि दर तिसऱ्या सोमवारी हॉस्पिटलला सोबत. महिनाभरापुरतं जे जमेल ते मला एकटीला कळवा. नाही जमलं तरी काही हरकत नाही.’

यात ‘महिनाभरापुरतं’ हा शब्द मुद्दाम आहे. मुदत दिसली की माणूस हो म्हणतो, आणि महिना संपल्यावर निम्मे जण आपणहून पुढे चालू ठेवतात. ग्रुपवर फक्त समन्वय करणारीने लिहायचं, अशी सेटिंग करून टाका. नाहीतर हात जोडलेल्या चित्रांच्या खाली कामाचा मेसेज गाडला जातो.

आठवडा कागदावर मांडा

मदत आजाराच्या चालीप्रमाणे हवी. केमोथेरपी बऱ्याचदा २१ दिवसांच्या चक्राने असते. औषध दिल्यावर पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि थकवा, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी कमी आणि संसर्गाची भीती, मग थोडा बरा आठवडा. डायलिसिस असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चारेक तास, वर जाण्यायेण्याचा वेळ. रेडिएशन बहुधा सोमवार ते शुक्रवार रोज, काही आठवडे. घरच्या माणसाकडून या तारखा घ्या आणि कॅलेंडरवर दोन रंगांनी खुणा करा: एक वाईट दिवसांचा, एक बऱ्या दिवसांचा. डबे आणि सोबत वाईट दिवसांत. भेटायला येणारे बऱ्या दिवसांत, तेही विचारून.

डबा

डब्याची हौस सगळ्यांना असते आणि गोंधळही सगळ्यात जास्त इथेच होतो. एकाच संध्याकाळी चार घरांतून पनीरची भाजी येते, फ्रिजमध्ये जागा उरत नाही, दोन दिवसांनी अन्न टाकावं लागतं. ओट्यावर वेगवेगळ्या घरांचे स्टीलचे डबे घासून पालथे पडलेले. कुठल्या झाकणावर कोणाचं नाव कोरलंय ते बघत रात्री अकराला नवरा उभा, कारण सकाळी ते परत करायचे असतात.

उपाय साधा आहे. एकच तीन कप्प्यांचा डबा आणि एकच कापडी पिशवी त्या घरासाठी ठेवा, तेवढीच फिरेल. ज्यांची पाळी त्यांनी दुपारी वॉचमनकडून पिशवी उचलायची, संध्याकाळी सव्वासातला दाराच्या कडीला अडकवायची आणि बेल न वाजवता परतायचं. ‘डबा लावलाय’ एवढा मेसेज समन्वय करणारीला. सकाळी न घासलेलाच डबा पिशवीतून खाली वॉचमनकडे येतो. घासायचं काम आणणाऱ्याचं, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. आठवड्यात चार डबे पुरे होतात. बाकीचे दिवस त्यांना त्यांच्या घरचा वरणभात खाऊ द्या. ज्यांना स्वयंपाकाला वेळ नाही त्यांनी जवळच्या पोळी-भाजी केंद्रात महिन्याच्या पोळ्यांचे पैसे भरावेत, तीही तेवढीच मोठी मदत.

काय द्यायचं नाही, हे मात्र रुग्णाच्या आहारतज्ज्ञांनी दिलेल्या कागदावरून ठरवा आणि तो कागद सगळ्या डबेवाल्या घरांना पाठवा. केमोच्या काळात कच्ची कोशिंबीर, कच्चे मोड, बाहेरची कापलेली फळं बहुतेकदा बंद असतात. किडनीच्या रुग्णाला तर प्रेमाने नेलेलं शहाळं घातक ठरू शकतं, कारण नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. केळी आणि टोमॅटोचंही तेच. आजाऱ्याकडे जाताना शहाळं न्यायची आपली जुनी सवय आहे, त्यामुळे हे एकदा लिहून सगळ्यांपर्यंत पोहोचवाच.

मूल

मुलासाठी माणसं कमीत कमी ठेवा. डब्याला दहा घरं चालतील, पण मुलाला शाळेतून आणायला, गृहपाठाला आणि रात्री थांबायला दोनच घरं असावीत, तीच, नेहमीची. आधीच आई हॉस्पिटलमध्ये, त्यात रोज नव्या काकूंकडे जेवायचं, हे सहा वर्षांच्या मुलाला झेपत नाही. शाळेला लेखी कळवा की मुलाला कोण न्यायला येईल, ओळखपत्राची प्रत द्या, व्हॅनवाल्या काकांना नंबर द्या. वर्गशिक्षिकेला थोडक्यात कल्पना असू द्या.

मुलासमोर ‘बिचारं’ हा शब्द कुणीही काढायचा नाही. आणि त्याचं क्रिकेट, चित्रकलेचा वर्ग, मित्राचा वाढदिवस यांतलं काही चुकू देऊ नका. तिथे त्याला पोहोचवणं हेही यादीतलं काम समजा.

एक गोष्ट सगळ्या इमारतीला सांगायची: कोणाच्या मुलाला कांजिण्या किंवा गोवर आला, तर त्याच दिवशी समन्वय करणारीला कळवा. पेशी कमी असलेल्या रुग्णाला कांजिण्या जिवावर बेतू शकतात, आणि संपर्क आल्यावर बचावाचं औषध पहिल्या काही दिवसांतच द्यावं लागतं. सर्दी-खोकला असलेल्याने त्या घराची पायरी चढायची नाही, कितीही जवळचा असला तरी.

हॉस्पिटलची ये-जा

इथल्या कर्करोगाच्या रुग्णांची फेरी बहुतेक परळच्या टाटा मेमोरियलला किंवा त्याच संस्थेच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला असते. ठाण्याहून खारघरला जायला ठाणे–पनवेल लोकल सरळ आहे. वाशी-नेरूळकडून परळला जायचं तर हार्बरने शिवडीला उतरून टॅक्सी करणं कुर्ल्याला गाडी बदलण्यापेक्षा सोपं. लोकलमधल्या दिव्यांगांच्या राखीव डब्यात कर्करोगाच्या रुग्णालाही बसता येतं. हॉस्पिटलचे कागद मात्र जवळ हवेत. औषध दिल्यानंतरच्या दिवशी लोकलचा विचार करू नका, गाडी ठरवा.

गाडीवाल्यांची यादी करताना दोन रकाने करा: दिवसा जमणारे आणि रात्री जमणारे. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना सकाळी आठची वेळ गाठायची तर किती लवकर निघावं लागतं ते मी वेगळं सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस आणि भरती एका दिवशी आली की लोकलही थांबते, रस्तेही. म्हणून लालबाग, परळ, दादर भागात कोणाचे नातेवाईक आहेत का ते आत्ताच शोधून ठेवा. महत्त्वाच्या तारखेच्या आदल्या रात्री रुग्ण आणि सोबतीने तिथे मुक्काम केला तर सकाळची धास्तीच संपते.

सोबतीला जाणाऱ्याने केसपेपर, मागचे रिपोर्ट, पाण्याची बाटली, चार्जर, थोडी रोकड आणि एक वही घ्यावी. डॉक्टर बोलताना रुग्णाला अर्धं ऐकूच येत नाही, सोबतच्याने लिहून घ्यायचं. लिहिलेलं फक्त घरच्यांना द्यायचं, ग्रुपवर टाकायचं नाही.

रात्रीच्या गाडीवाल्यांना एक नियम पाठ असावा. केमो चालू असलेल्या रुग्णाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला की ती तातडीची वेळ. गोळी देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, हॉस्पिटलला फोन करून निघायचं.

रक्त आणि प्लेटलेट

‘अर्जंट रक्त पाहिजे’ हा मेसेज फिरवण्याआधी पुढची तयारी करून ठेवा, म्हणजे तो फिरवावाच लागणार नाही. इच्छुकांची नावं, रक्तगट, वजन आणि शेवटचं रक्तदान कधी केलं ते लिहून घ्या. दात्याचं वय १८ ते ६५ आणि वजन किमान ४५ किलो हवं. दोन रक्तदानांत पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांचं अंतर लागतं.

प्लेटलेटचं, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशींचं, गणित वेगळं आहे. त्या पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून चालत नाही, दाते ओळीने उभे करावे लागतात. मशीनवर एकाच दात्याच्या प्लेटलेट काढायला तास-दीड तास लागतो. दंडाची शीर चांगली हवी, तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी, आणि नुकतंच शिबिरात रक्त दिलेला माणूस काही आठवडे चालत नाही. म्हणून सगळ्या दात्यांना एकदम शिबिराला पाठवू नका. निम्मे राखून ठेवा, आणि त्यांना ऑफिसच्या दिवशी अर्धा दिवस सुटता येईल का, हेही आधीच विचारून घ्या.

बोन मॅरो प्रत्यारोपणाची शक्यता असेल, तर सख्ख्या नातेवाइकांचं रक्त घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, ते सहसा टाळायला सांगतात. घरचे द्यायला उतावीळ असतात, त्यांना हे समजावून सांगावं लागतं.

पैसे: हक्काचं आधी, वर्गणी नंतर

वर्गणीची घाई होते आणि हक्काचं तसंच राहून जातं. इमारतीतल्या एखाद्या निवृत्त बँकवाल्या काकांना किंवा अकाउंट्समधल्या ताईंना फक्त हे काम द्या.

आरोग्य विम्याची पॉलिसी बारकाईने वाचा, विशेषतः खोलीच्या भाड्याची मर्यादा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की बऱ्याच पॉलिसींमध्ये नुसतं भाडंच कापलं जात नाही, डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. नोकरीत ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर कर्करोगासारख्या दीर्घ आजारात अटी पूर्ण झाल्यावर पगाराच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. पीएफमधूनही आजारपणासाठी रक्कम काढता येते.

राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आपल्यासाठी नाही, असं पांढऱ्या रेशनकार्डवाले धरूनच चालतात. २०२३ च्या निर्णयाने ती सर्व रेशनकार्डधारकांना खुली झाली आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत गेलं. पण उपचार योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आणि मंजुरी घेऊन व्हावे लागतात. आधी खिशातून भरून मग परत मागू म्हटलं तर हाती काही येत नाही. म्हणून दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलमधल्या मदतनीसाला, भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. धर्मादाय हॉस्पिटलांमध्ये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे उत्पन्नाची अट आहे, म्हणून तहसीलदारांचा दाखला हवा. आपल्याच इमारतीत काम करणाऱ्या मावशींच्या किंवा रिक्षावाल्या दादांच्या घरात आजारपण आलं, तर ही तरतूद फार मोलाची आहे. मुख्यमंत्री सहायता निधीचे पैसे थेट हॉस्पिटलला जातात, त्यासाठी खर्चाचं अंदाजपत्रक, दाखला आणि आधार कार्ड तयार ठेवा. मुलाला जन्मतः हृदयदोष असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंत मदत मिळते. हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात एकदा जाऊन बसलात, की यांतले बरेचसे धागे एकाच टेबलावर सापडतात.

हे सगळं झाल्यावर जी तूट उरेल, ती वर्गणीची रक्कम. सोसायटीच्या खात्यातून हे पैसे फिरवू नका, ऑडिटला त्रास होतो आणि भांडणं लागतात. शक्य तितकं हॉस्पिटलच्या खात्यात, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर थेट भरायला सांगा. नातेवाईक नसलेल्यांकडून एखाद्याच्या खात्यात वर्षभरात मिळून ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम आली, तर ती करपात्र उत्पन्नात धरली जाऊ शकते, त्यामुळे मोठी रक्कम गोळा होणार असेल तर सीएंशी आधी बोला. ओळखीबाहेरच्या लोकांकडून जाहीर वर्गणी जमवायला धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, हे गणेशोत्सव मंडळातल्या कुणालाही ठाऊक असतं. स्टेशनबाहेर डबा घेऊन उभं राहायची वेळ येऊ देऊ नका. मिलाप किंवा केटोसारख्या ऑनलाइन वर्गणीच्या मंचावर आवाहन टाकायचं असेल, तर शुल्क किती ते वाचा आणि मुलाचा फोटो आईवडिलांच्या होकाराशिवाय टाकू नका.

एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा छोटी आणि नेमाची रक्कम या घरांना जास्त उपयोगी पडते, असं मला ठामपणे वाटतं. दरमहा ५०० रुपये देणारी २० घरं म्हणजे महिन्याला १०,००० रुपये. त्यात टॅक्सी, तपासण्या आणि घरकामाच्या मावशींचा एक तास जादा, एवढं निघतं. मावशींच्या त्या एका तासाने घराला जेवढा श्वास मिळतो तेवढा दहा डब्यांनी मिळत नाही. हिशेब दोघांनी ठेवावा. दर महिन्याच्या १ तारखेला जमा-खर्च सगळ्या देणाऱ्यांना जावा, पण कोणी किती दिले ते त्यात नको.

तिसरा महिना

याच वेळी यादी गळायला लागते. परीक्षा येतात, लग्नसराई येते, गणपतीला निम्मी इमारत कोकणात जाते. म्हणून दर सहा आठवड्यांनी यादी नव्याने करा, जुन्यांना मोकळं करा, नवे घ्या. ज्याने तीन महिने गाडी चालवली त्याला आता फक्त औषधं आणू द्या. सुट्ट्यांच्या दिवसांचं आधीच ठरवा.

जोडीदाराकडेही याच सुमारास बघावं लागतं. आठवड्यातून दोन तास घरात दुसरं कुणीतरी थांबेल आणि त्याने किंवा तिने खाली उतरायचं, तलावपाळीला किंवा सागर विहारला फेरी मारायची, नाहीतर चक्क झोपायचं. हे वेळापत्रकात तारखेनिशी लिहा. ‘थकलात का’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’ असंच येतं.

भेटायला जाणाऱ्यांनी पंधरा मिनिटांत उठावं. अमक्याला झालं होतं, त्याने गोमूत्र घेतलं, तमक्याचे वैद्य फार गुणाचे, हे घराबाहेर ठेवून जावं. ऑफिसच्या, शाळेच्या, बाजाराच्या गप्पा माराव्यात. रुग्णालाही त्याच हव्या असतात.

शेवटी

उपचार संपले तरी मदत एकदम थांबवू नका. पुढचे दोन-तीन महिने आठवड्याला एक डबा आणि तपासणीच्या दिवशी गाडी चालू ठेवा. माणूस गेला, तर तेराव्यानंतर कागदपत्रांचं काम उभं राहतं: मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती, विमा, बँकेतली वारसनोंद, गृहकर्जावर विमा होता का ते बघणं. नोकरीत पीएफ असेल, तर त्यासोबतच्या ईडीएलआय विम्यातून कुटुंबाला ७ लाखांपर्यंत मिळू शकतात आणि पेन्शनचाही अर्ज करता येतो. अकाउंट्सच्या त्या ताईंनी इथपर्यंत सोबत राहावं.

उरलेल्या पैशाचं काय करायचं, हे वर्गणीच्या पहिल्याच निरोपात लिहिलेलं असावं: पुढच्या तपासण्यांसाठी घरच्यांना द्यायचे, की हॉस्पिटलच्या गरीब रुग्ण निधीत. घरच्यांना विचारून ते द्या, शेवटचा हिशेब पावतीसकट सगळ्या देणाऱ्यांना पाठवा आणि ग्रुप बंद करा. दात्यांची, गाडीवाल्यांची यादी मात्र जपून ठेवा.